खंडेनवमीची छत्तीस मोरपिसं

सोलापूरच्या रूपाभवानीच्या देवळात नवमीची रांग होती आणि भुवनेश्वरीला त्या रांगेत उभं राहवत नव्हतं. एरवी रांगेत तिच्यासारखी शांत बाई नाही. पुढचीच्या पदरावर पाय द्यायचा नाही, मागचीशी वाद घालायचा नाही, ओठातल्या ओठात नाम घेत सरकायचं. आज मात्र नाम दोनदा अर्ध्यात तुटलं. नऊ दिवसांचा उपास अंगात होता, पण ती उपासाची कासाविशी नव्हती. घरी टेबलावर ती छत्तीस मोरपिसं ठेवून आली होती आणि जीव तिथं अडकला होता.

मोरपीस म्हणजे पक्ष्याचं नव्हे. तळहाताएवढं हिरवं सर्किट, एका कडेला लांबट काळं सॉकेट, त्यात सोनेरी पत्त्यांच्या दोन ओळी, आणि दुसऱ्या कडेला मेमरी कार्डाची फट. ‘मयूर’ नावाच्या कॉम्प्युटरच्या पाठीत ते खोचायचं, म्हणून मोरपीस. आता हा मयूर कोण, असं कुणी विचारलं तर त्याचा काही दोष नाही. चाळीसेक वर्षांपूर्वी काही शाळांत आलेलं ते यंत्र. कीबोर्डाच्या पेटीतच सगळा संसार, पडदा म्हणून टीव्ही जोडायचा आणि प्रोग्रॅम कॅसेटवरून भरायचा. कॅसेट पाच मिनिटं किंचाळायची आणि शेवटी अडकली की पुन्हा पहिल्यापासून. नववीत असताना आठवड्यातून वीस मिनिटं, तिघी मुलींत एक, असा मयूर भुवनेश्वरीच्या वाट्याला आला होता. पुढं ती कंपनी बुडाली, यंत्रं माळ्यावर गेली, काही भंगारात गेली.

पण जगात हट्टी माणसं असतात. मयूर ज्यांच्याकडे उरला होता ते एकमेकांना शोधत गेले आणि शंभर-सव्वाशे जणांचा एक गट झाला. कुणी म्हैसूरचा, कुणी बार्शीचा, कुणी थेट इंग्लंडातल्या लेस्टरचा. म्हैसूरवाला झिजलेल्या बटणांच्या जागी नवी बटणं ओतायचा, लेस्टरचा डॉक्टर दवाखाना सुटल्यावर मयूरसाठी नवे खेळ लिहायचा, उमरग्याच्या तंत्रनिकेतनातला उदयसिंह सर्किटांचे नकाशे काढायचा. हे मोरपीस त्याच्याच डोक्यातून आलेलं. ते लावलं की कॅसेटची कटकट गेली. शंभर प्रोग्रॅम एका कार्डात. आणि ते जोडायचं काम भुवनेश्वरीकडे आलं, कारण विजेचे मीटर बनवणाऱ्या कारखान्यात तिनं सतरा वर्षं सर्किटांवर सोल्डरचे डाग दिले होते आणि तिच्या हाताचा डाग कधी सुटला नव्हता. कारखाना बंद झाला, हात शाबूत राहिला.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पुण्यात मयूरवाल्यांचा मेळावा होता. छत्तीस जणांनी नाव नोंदवलं होतं, आपापलं यंत्र घेऊन येणार होते. उद्या दसऱ्याला उदयसिंह उमरग्याहून निघून सकाळी अकरा वाजता सोलापुरात थांबणार, मोरपिसं घेणार आणि तसाच पुण्याला जाणार. प्रत्येक मोरपीस भुवनेश्वरीनं स्वतः तपासलेलं असेल, असं त्यानं सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. तिनंच तसं सांगा म्हणून सांगितलं होतं.

ती देवळातून भराभरा घरी आली. पायऱ्या चढतानाच उदबत्तीचा वास आला आणि तिला बरं वाटलं. निघताना तिनं एक गोष्ट धाडसानं केली होती.

तिच्या सासूबाई, चंद्रव्वा, मैंदर्गीच्या. अकरा वर्षांपूर्वी त्यांचा नवरा गेला. त्यानंतर एका हळदीकुंकवाला भावकीतल्या कुण्या बाईनं त्यांच्या पुढ्यातलं हळदीकुंकवाचं ताट नुसतं उचललं आणि पलीकडं नेलं. बोलली काहीच नाही. तेव्हापासून चंद्रव्वा घरात पूजा असली की दाराशी जाऊन बसायच्या. आपल्या लिंगायतांत हे असलं काही सांगितलेलं नाही, हे भुवनेश्वरीनं शंभरदा बोलून पाहिलं होतं. आज खंडेनवमी, हत्यारांच्या पूजेचा दिवस. तिनं डाग द्यायची सोल्डरगन, मीटर, चिमटा, पक्कड पाटावर मांडली आणि म्हणाली, “अव्वा, आजची पूजा तुम्ही करा.”

“मी? मला कुटं चालतंय?”

“मला चालतंय की. मी देवळातून येते तोवर करून घ्या. सगळ्याला लावा.”

सगळ्याला लावा. हे तिचेच शब्द.

आत पाऊल टाकलं आणि ती उंबऱ्यावरच थांबली. पाटावर झेंडूचा नुसता सडा. सोल्डरगनला माळ. आणि पाटाच्या मधोमध, टेबलावरून उचलून आणलेला मोरपिसांचा ट्रे. छत्तीसच्या छत्तीस मोरपिसांवर ओल्या हळदीची बोटं, त्यावर कालवलेलं कुंकू, त्यावर अक्षता.

चंद्रव्वा पाटासमोर मांडी घालून बसल्या होत्या. अकरा वर्षांत त्या जागी पहिल्यांदा. “मोजून लावलं,” त्या म्हणाल्या. “छत्तीस भरली. येकाला कमी न्हाय. आन् त्या काळ्या खोबणीत सोन्यावानी दात दिसलं, तितं जरा सढळ हातानं घातलं. लक्ष्मीच की ती.”

भुवनेश्वरीनं वाकून एक खोबण पाहिली, आत हळद भरली होती. तोंडातून मात्र आलं, “छान केलीत, अव्वा.”

कारखान्यातले साहेब नव्या मुलींना पहिल्या दिवशी एकच गोष्ट सांगायचे, हाताचा घामसुद्धा धातू खातो. इथं तर पाण्यात कालवलेली हळद आणि चुन्याचं कुंकू, तेही सोनेरी पत्त्यांच्या आत. आज लावलं तर मोरपीस चालेल. महिनाभर चालेल. मग पत्त्या हिरव्या पडतील, कुठंतरी भलतीकडं जोडणी होईल आणि मोरपिसाबरोबर मयूरही जाईल. मोरपीस दुसरं करता येतं. मयूर गेला तर गेला, आता तो कुणी बनवत नाही.

आणि पूजेत मांडलेलं हत्यार दसरा उजाडेपर्यंत हलवायचं नसतं.

दुपारी नवरा, महेश्वर, कापडदुकानातली पूजा उरकून घरी आला. तिनं त्याला स्वयंपाकघरात ओढलं आणि हळू आवाजात सगळं सांगितलं.

“मग पुसून टाक की,” तो म्हणाला.

“पूजेतलं उचलायचं नाही उद्यापर्यंत.”

“मग उद्या पूस.”

“अव्वांच्या डोळ्यांदेखत?”

महेश्वरनं दारातून बाहेर पाहिलं. बाहेरच्या खोलीत चंद्रव्वा समईत तेल घालत होत्या. दिवसभरात तिसऱ्यांदा.

“आज चालतायत का ती?” त्यानं विचारलं.

“आज चालतील.”

“झालं तर. पाठवून दे तशीच.”

“अहो, सणाच्या दिवशी सून गोड बोलते. म्हणून वर्षभर बोलेल का?”

“तुझ्यावरनं सांगतेस का आणखी कुणावरनं?” तो हसला. ती हसली नाही, तेव्हा त्यानंही हसू आवरलं. “बंद पडलेल्या कंपनीचं यंत्र, भुवना. एवढा जीव का जाळतेस?”

यावर तिच्याकडे उत्तर होतं, पण ते सांगायला निवांतपणा हवा होता. ती माणसं तिनं बघितलेली नव्हती. नुसत्या शब्दावर ती आपलं चाळीस वर्षं जपलेलं यंत्र तिच्या हातच्या वस्तूला जोडणार होती. बार्शीच्या विजयमालाबाई तर ऐंशीच्या. त्यांनी शाळेतल्या मुलांसाठी लिहिलेली गणिताची कोडी मयूरच्या कॅसेटवर होती आणि कॅसेट आता चालत नव्हती. मोरपीस आलं की कोडी वर काढू, म्हणून त्यांनी आठ महिने वाट पाहिली होती.

उरलेला दिवस तिनं कसा काढला ते तिलाच ठाऊक. घासलेली भांडी पुन्हा घासली. वाळलेले कपडे घडी घालून उलगडले आणि परत घडी घातली. उदयसिंहाला फोन करून विचारलं, जरा उशिरा निघता येईल का. तो म्हणाला, “ताई, पाच वाजता हॉल ताब्यात घ्यायचाय, छत्तीस टीव्ही लावायचेत. अकराच्या वर पाच मिनिटं मागू नका.” दर अर्ध्या तासानं ती पाटाजवळ जायची, वाकायची, आणि चंद्रव्वा म्हणायच्या, “हात लावू नको गं, पूजेत हाय.” हळद वाळत चालली होती, ते लांबूनही दिसत होतं. ओली होती तोवर निघाली असती. वाळली की दगड.

संध्याकाळी शेजारची जगदेवी डोकावली. “अगंबाई, पूजा झाली वाटतं?”

“मी केली,” चंद्रव्वा म्हणाल्या.

जगदेवीनं एकदा भुवनेश्वरीकडं पाहिलं, एकदा पाटाकडं.

“बरीच सजवलीत की,” जगदेवी म्हणाली. “आणि हे हिरवं हिरवं काय?”

“ते परगावी जाणारंय. पुण्याला. तितनं इलायतेला पण.” चंद्रव्वांनी पदर सारखा केला. “लेक सासरी धाडताना कुंकू लावतो का न्हाय? तसं.”

भुवनेश्वरी उठून आत गेली. हे आता कसं पुसायचं?

दसऱ्याला ती पहाटे चारला उठली. अंघोळ केली, लिंगपूजा केली. त्याशिवाय ती पाण्याचा घोटही घेत नसे आणि आजही घेतला नाही. मग पाटासमोर हात जोडले, अक्षता वाहिल्या, पाट किंचित हलवला, आणि ट्रे उचलून पावलं न वाजवता स्वयंपाकघरात नेला. दार लोटून घेतलं. स्पिरिटची बाटली, दात घासायचा नवा ब्रश, केस वाळवायचं यंत्र. महेश्वरनं टीव्ही आणि तिचा मयूर ओट्यावर आणून ठेवला.

वरची हळद सहज निघत होती. पत्त्यांच्या आतली निघत नव्हती. ब्रश फिरवायचा, स्पिरिट सोडायचं, झटकायचं, वाळवायचं, मयूरला खोचून बघायचं. निळ्या पडद्यावर पांढरा मोर उमटला की एक झालं. एकेकाला दहा मिनिटं जात होती. तिनं मनात हिशेब केला आणि ब्रशचा वेग वाढवला. वेग वाढला तसं स्पिरिट ओट्यावर सांडायला लागलं.

सातवं मोरपीस वाळवताना दार उघडलं.

“एन माडाकत्ती?” चंद्रव्वांनी विचारलं. काय करतेयस, असं कानडीत. उत्तर त्यांना नजरेनं दिसत होतंच.

“काही नाही अव्वा, जरा धूळ...”

चंद्रव्वा पुढं आल्या. वाटीतलं पिवळं-लाल पाणी त्यांनी डोळ्यांजवळ नेऊन पाहिलं. ब्रश पाहिला. ट्रेमधली सहा कोरी मोरपिसं पाहिली आणि मग लेकाकडं पाहिलं. महेश्वर टीव्हीची वायर बघायला लागला.

“कुंकवानं बिघडतंय व्हय हे?”

“हो, अव्वा.”

“कवा कळलं तुला?”

“काल. आल्या आल्या.”

“आन् काल मला म्हणालीस, छान केलीत.”

भुवनेश्वरीच्या हातातलं यंत्र घूं घूं करत राहिलं. तिनं ते बंद केलं. “तुम्ही इतक्या वर्षांनी त्या पाटासमोर बसला होतात. मला सांगवेना. आणि चूक माझी होती, मीच म्हणाले सगळ्याला लावा.”

“म्हणून गप बसलीस? म्हातारीच्या हातातलं खेळणं काढायचं न्हाय, असं?” चंद्रव्वांचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. “त्या बाईनं ताट उचलून नेलं, तवा ती पण काय बोलली न्हाय. तोंडावर बोलली असती तर भांडले तरी असते. गप उचललं. आन् तू पण पहाटेच्या पारी चोरावानी गप उचललंस.”

भुवनेश्वरीनं हातातलं मोरपीस ट्रेमध्ये ठेवलं. सून म्हणून, बाई म्हणून तिनं बरंच काही ऐकून घेतलं होतं, पण त्या ताट उचलणाऱ्या बाईच्या ओळीत आपण उभ्या राहू, असं तिला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

“चुकलं माझं,” ती म्हणाली.

“चुकलंच.” चंद्रव्वांनी स्टूल ओढलं आणि त्या बसल्या. “आन् पुसायला येवढी भितीस कशाला? लिंगावरची कालची विभूती रोज सकाळी धुतीस का न्हाय? देव रडत बसतो व्हय? लावायचं ते लावून झालं, पोचायचं तितं पोचलं. आता ते निर्माल्य. काल दिवसभर घरात नुसत्या येरझारा. मला वाटलं उपासानं पोट धरलंय. रात्री ओवा भाजून ठेवलाय मी तुझ्यासाठी.”

महेश्वर फिसकन हसला.

“तू हसू नकोस,” त्या म्हणाल्या. “तुला पण ठाव हुतं. आण तो बुरूस हिकडं. खोबणीत मीच घातलंय, कुटवर गेलंय ते मलाच म्हाईत.”

मग तिघांचं काम जुंपलं. चंद्रव्वांना बारीक दिसत नव्हतं, पण बोटांना कळत होतं. खोबणीत ब्रश अडला की त्या म्हणायच्या, “हितं हाय अजून.” महेश्वर वाळवायचा. भुवनेश्वरी खोचायची, पडदा बघायची, मोर उमटला की बाजूला. सूर्य वर आला. खाली गल्लीत पोरं आपट्याची पानं घेऊन हिंडायला लागली. कुणी दार वाजवलं तर चंद्रव्वा आतूनच ओरडायच्या, “मागनं या!” अठरा झाली, बावीस झाली. भुवनेश्वरीची नजर घड्याळावरून हटत नव्हती आणि घड्याळ काही तिच्याकडं बघत नव्हतं.

अकराला पाच मिनिटं असताना उदयसिंहाची गाडी खाली उभी राहिली. तो वर आला, घाम पुसत, हातात आपट्याची पानं. सगळ्यांना पानं दिली, चंद्रव्वांच्या पाया पडला आणि विचारलं, “झाली ना पॅक?”

“एकतीस झाली,” भुवनेश्वरी म्हणाली. “पाच नाही देता येणार.” आणि तिनं काहीही न लपवता सगळं सांगितलं. पूजा, हळद, वाळलेल्या खोबणी. जी पाच उरली होती त्यांत आतली हळद घट्ट बसली होती. त्यांची सॉकेटं काढून नवी लावावी लागणार होती आणि नवी सॉकेटं यायला पंधरा दिवस.

उदयसिंहानं कपाळाला हात लावला. “ताई, छत्तीस माणसं यायलेत. एक बाई तर विमानानं.” त्यानं पाचांतलं एक उचललं, मयूरला खोचलं. पडदा थरथरला. काढलं, पुन्हा खोचलं. तिसऱ्या खेपेला निळ्यावर पांढरा मोर उभा राहिला. “हे बघा! चालतंय की हो. कुणाला कळतंय?”

“तुमच्या मयूरला लावाल?”

“म्हणजे?”

“तुमच्या घरच्या मयूरला. वडिलांनी आणलेल्या. हे पाचांतलं घेऊन जा आणि त्याला लावा. मग बाकीची चार मी देते.”

उदयसिंहानं पडद्याकडं पाहिलं. पडद्यावरचा मोर एकदा लुकलुकला. त्यानं मोरपीस हळूच काढून ट्रेमध्ये ठेवलं. “नाही लावणार,” तो म्हणाला. मग गाडीची किल्ली चाचपत, “पण आता गटात काय सांगायचं? वाटेत मोडली म्हणू का?”

“काही म्हणू नका. मी लिहिते.”

तो एकतीस मोरपिसं घेऊन गेला. चहाही घेतला नाही. जिन्यात त्याच्या पायांचा आवाज येईनासा झाला तेव्हा भुवनेश्वरीनं फोन घेतला आणि उभ्याउभ्याच लिहायला लागली. एक वाक्य लिहायचं, खोडायचं. चंद्रव्वा स्टुलावरून उठल्या नव्हत्या.

“वाच,” त्या म्हणाल्या.

तिनं वाचून दाखवलं. “नमस्कार. छत्तीसपैकी एकतीस मोरपिसं पाठवली आहेत. खंडेनवमीला आमच्या घरी त्यांना ओली हळद लागली. चूक माझी. पाच पूर्ण साफ झाली नाहीत, ती लावली असती तर पुढं तुमचा मयूर बिघडला असता. नवी करून पाठवीन.”

“हळद लागली म्हणं,” चंद्रव्वा म्हणाल्या. “वाऱ्यानं उडून लागली व्हय?”

“अव्वा, तुमचं नाव कशाला त्यात? चूक माझीच आहे.”

“चूक तुझी. ती ऱ्हाऊ दे तुझ्याकडं. पूजा कुणाची? ती माझी. ती पण घेतीस का? माझं नाव घाल. आन् पुरं घाल. मधलं पण.”

मधलं नाव नवऱ्याचं. ते त्या स्वतःच्या तोंडानं कधी घेत नसत. भुवनेश्वरीनं खाली वाकून लिहिलं. ही पूजा माझ्या सासूबाई चंद्रव्वा सिद्रामप्पा यांनी केली. वाचून दाखवलं. चंद्रव्वांनी मान हलवली, आणि तिनं पाठवून दिलं.

आता ज्यांना मोरपीस मिळणार नव्हतं ती पाच नावं ठरवायची होती. पहिलं तिनं स्वतःचं लिहिलं, तिचंही छत्तिसात होतं. दुसरं, त्याला न विचारता, उदयसिंहाचं. तिसऱ्यापाशी अडली. विजयमालाबाईंचं नाव तिच्या बोटाखालून पुढं सरकून गेलं, ते नाही, मग दुसऱ्या कुणाचं? ती खिडकीपाशी गेली, परत आली, पुन्हा गेली.

“झाली हिची सुरू,” चंद्रव्वा म्हणाल्या. “पारणं कर आधी.”

फोन वाजला. म्हैसूरच्या बटणवाल्याचा निरोप होता, सगळ्यांना दिसेल असा. लोक लांबून येतायत, आदल्या दिवशी असं सांगणं बरं नाही, अशा कामात देवधर्म आणून कसं चालेल?

“काय म्हणतंय?”

भुवनेश्वरीनं वाचून दाखवलं. महेश्वर म्हणाला, “जाऊ दे, उत्तर देऊ नकोस.” तिनं दिलं. तिला लिहायला एरवी फार वेळ लागायचा, आज लागला नाही. ‘चालणार नाही, बरोबर आहे तुमचं,’ तिनं लिहिलं. ‘म्हणूनच ती पाच पाठवली नाहीत.’

चंद्रव्वांनी तेही वाचायला लावलं. मग त्या गुडघ्यावर हात ठेवून उठल्या, ताट घेतलं आणि त्यात पुरणपोळी वाढायला लागल्या.